कोल्हापुरातील रस्ता पायी आणि बसने जाण्याजोगा कसा करून घ्यावा: अडथळे आणि ते दूर करण्याची रीत

पदपथ मोकळे असावेत, बस वेळेवर यावी, सायकलवरून शाळेला जाणाऱ्या मुलीच्या आईला घोर लागू नये, या मागण्यांना कोल्हापुरात कोणी उघड विरोध करताना दिसत नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही वाहनांपेक्षा माणसांच्या येण्याजाण्याला प्राधान्य द्यावे, असेच म्हटले आहे. तरीही रस्ता नव्याने झाला की आधी डांबराची रुंदी वाढते आणि पदपथ उरलेल्या जागेत, दुकानाच्या पायऱ्या, विजेचे खांब आणि उभ्या दुचाकी यांच्यामधून वाट काढत राहतो.

गेल्या काही वर्षांच्या खटपटीतून माझे असे मत झाले आहे की यातला मुख्य अडथळा तंत्रज्ञानाचा नसतो आणि दर वेळी पैशाचाही नसतो. एका रस्त्यावर सात-आठ यंत्रणांचा हात असतो. परंतु त्या रस्त्यावरून घरापासून थांब्यापर्यंत चालत जाणाऱ्या माणसाची पूर्ण वाट त्यांपैकी कोणाच्याही कामाच्या यादीत नसते. त्यामुळे ‘प्रशासनाने लक्ष द्यावे’ असा शेवट असलेले निवेदन कोणाच्याच टेबलावर थांबत नाही. प्रत्येक अडथळ्याला एक मालक असतो आणि तो नावानिशी शोधावा लागतो, हे या मार्गदर्शिकेचे सूत्र आहे. तालीम मंडळे, गृहनिर्माण संस्था, व्यापारी संघटना, महाविद्यालयीन विद्यार्थी, किंवा संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जमणारा ज्येष्ठांचा गट, यांपैकी कोणालाही ही रीत वापरता येईल.

रस्ता निवडताना

संपूर्ण शहर हातात घेऊ नये. अर्धा ते एक किलोमीटर लांबीचा, ज्यावर एखादी शाळा, एक बसथांबा आणि रोजच्या खरेदीची दुकाने आहेत, असा एकच रस्ता निवडावा. महाद्वार रोडपासून सुरुवात करण्याचा मोह टाळणेच बरे. तेथे अंबाबाईच्या दर्शनाला येणारी गर्दी, पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यापारी, फेरीवाले आणि मंदिर परिसराचा विकास आराखडा असे सगळे प्रश्न एकदम अंगावर येतात आणि नवखा गट दोन महिन्यांत थकून जातो. राजारामपुरीसारख्या आखून वसवलेल्या, गल्ल्यांना क्रमांक असलेल्या पेठेतील एक तुकडा किंवा सायबर चौकाच्या बाजूचा, विद्यार्थ्यांची ये-जा असलेला रस्ता हा पहिल्या प्रयत्नासाठी अधिक सोयीचा ठरतो.

मालकांची वही

निवडलेल्या रस्त्यावरून वही घेऊन सकाळी एकदा आणि रात्री एकदा चालावे. वाटेत जी जी वस्तू आड येते तिची नोंद करून तिच्यापुढे ती कोणाची, हे लिहावे. ही वही भरायला एक दिवस लागतो, आणि माझ्या मते संपूर्ण कामातील हाच सर्वांत मोलाचा दिवस असतो.

रस्ता महापालिकेचा असेल, तर गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट या चार विभागीय कार्यालयांपैकी तो कोणाकडे येतो, हे आधी पाहावे. मात्र शहरातून जाणारा प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो; काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, रत्नागिरीकडे जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, आणि तावडे हॉटेलपासून उचगाव, उजळाईवाडीकडे जाणारा पुणे–बेंगळुरू महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतो. विजेचे खांब आणि रोहित्रे महावितरणची असतात, पथदिवे बहुधा महापालिकेचे असतात. बसथांबा केएमटीचा, म्हणजे महापालिकेच्या शहर बससेवेचा, परंतु त्याच जागी एसटीची गाडीही थांबत असेल, तर तेथे दुसरी यंत्रणा आली. सिग्नल महापालिका उभारते, तो चालवतात मात्र वाहतूक पोलीस. रस्ता एकेरी करणे, वाहने उभी करण्यास मनाई करणे, अवजड वाहने वळवणे यांची अधिसूचना मोटार वाहन कायद्याखाली पोलिसांकडून निघते. महापालिकेच्या अभियंत्याला मनात आले म्हणून तो ‘नो पार्किंग’चा फलक लावू शकत नाही. रिक्षांचे परवाने प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे असून त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. झाड आड येत असेल, तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखालील वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि तेथे आपण सहसा झाडाच्या बाजूने उभे राहावे, कारण सावली नसलेल्या पदपथावर एप्रिलमध्ये कोणी चालत नाही.

ही वही नसली तर काय होते, याचा एक अनुभव सांगतो. आमच्या उपनगरातील एका थांब्यालगत पदपथाच्या मधोमध विजेचा खांब होता आणि त्याला वळसा घालण्यासाठी माणसांना रस्त्यावर उतरावे लागत असे. आम्ही एका कार्यालयात अर्ज दिला. खांब हलवण्याचा खर्च रस्ता ज्यांचा आहे त्यांनी भरावा लागतो, असे तेथून सांगण्यात आले. दुसऱ्या कार्यालयात गेलो, तर खांब आमचा नाही म्हणून अर्ज पुन्हा पहिल्याकडे वर्ग झाला. चौदा महिने हा कागद दोन इमारतींमध्ये फिरत राहिला. दोघेही खोटे बोलत नव्हते, हे आम्हाला फार उशिरा उमगले. आमचा अर्जच चुकीचा होता. शेवटी आम्ही दोन्ही कार्यालयांना एकाच मजकुराचे पत्र दिले, त्यात ‘संयुक्त स्थळपाहणी’ची मागणी केली आणि पाहणीसाठी तीन तारखा सुचवल्या. पाहणी झाली, खर्चाचा अंदाज त्याच दिवशी वहीवर लिहिला गेला आणि पुढच्या कामात खांब भिंतीलगत सरकला. ‘संयुक्त स्थळपाहणी’ हे दोन शब्द तेव्हापासून आम्ही प्रत्येक अर्जात घालतो.

मालकी स्पष्ट होत नसेल, तेव्हा माहितीच्या अधिकाराचा वापर करावा. अर्जाला १० रुपये शुल्क लागते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, ही अट अनेक जण विसरतात आणि मग अर्ज फेटाळला गेला म्हणून चिडतात. प्रश्न ‘का’ असा विचारू नये, कारण कार्यालय मते देण्यास बांधील नाही. अमुक रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, शेवटचे काम कोणत्या कार्यादेशाने (ठेकेदाराला दिलेल्या कामाच्या लेखी आदेशाने) झाले, अंदाजपत्रकाची प्रत, दोष दायित्व कालावधी (ठेकेदाराने दुरुस्ती करून देण्याची मुदत) कधी संपतो, अशी कागदांची मागणी करावी. कोल्हापूरकराला आंदोलन शिकवावे लागत नाही. अर्ज मात्र शिकावा लागतो.

टेप आणि घड्याळ

दुसरा अडथळा पुराव्याचा आहे. रस्त्याच्या कामासाठी जी मोजणी होते ती बहुतेक वेळा वाहनांची असते, आणि जे मोजले जात नाही त्याच्यासाठी आराखड्यात जागा सोडली जात नाही. म्हणून आपली मोजणी आपण करावी.

पदपथासाठी साधी पाच मीटरची टेप पुरते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या आयआरसी १०३ या संहितेत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे सांगितले आहे. मोकळी रुंदी म्हणजे भिंतीपासून कडेपर्यंतची रुंदी नव्हे; खांब, फलक, झाडाचा कट्टा आणि दुकानाचा रॅम्प वजा करून उरते ती. दर २० मीटरवर एक माप घ्यावे आणि त्यासोबत टेप दिसेल असे छायाचित्र काढावे. आम्ही एका रस्त्यावर माप घेतले तेव्हा कागदोपत्री दोन मीटर असलेला पदपथ एके ठिकाणी ६५ सेंटिमीटर भरला. कडेची उंची तर चक्क एक फूट होती, कारण प्रत्येक डांबरीकरणात रस्ता वर आला आणि पुढे कोणीतरी पाणी दुकानात शिरू नये म्हणून पदपथही उचलला. आम्ही टेप धरून उभे असताना भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी तेथे आल्या. त्यांनी त्या पायरीकडे पाहिले, पिशवी आधी वर ठेवली, खांबाला धरून एक पाय उचलून पाहिला, मग पिशवी पुन्हा खाली घेतली आणि रस्त्याच्या कडेने निघून गेल्या. अहवालात आम्ही हा प्रसंग दोन ओळींत लिहिला आणि त्याखाली माप दिले. बैठकीत चर्चा झाली ती याच पानावर.

उतारांचे मापही घ्यावे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक जागा सुगम असाव्यात, असे सांगतो आणि चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचे प्रमाण १:१२ असे धरले जाते, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांबीचा उतार हवा. ‘रॅम्प केला आहे’ या उत्तराची तपासणी या एका आकड्याने होते.

माणसांच्या मोजणीसाठी दोघे जण पुरेत. शाळा सुटण्याची, कार्यालये भरण्याची आणि बाजाराची अशा तीन वेळा निवडून प्रत्येक वेळी १५ मिनिटे मोजावे. वाहनांच्या शेजारी त्यांतील माणसांचा रकाना ठेवावा: पायी, सायकल, दुचाकी, रिक्षा, मोटार, बस. बसमधली नेमकी संख्या मोजता येत नाही. रिकाम्या जागा दिसतात का, सर्व जागा भरल्या आहेत का, की माणसे उभी आहेत, एवढी नोंद पुरते. दाभोळकर कॉर्नरसारख्या गर्दीच्या ठिकाणी रस्ता वाहनांनी भरलेला दिसतो. पण माणसांचा रकाना बेरजेला घेतला की एक उभ्या प्रवाशांनी भरलेली केएमटी एका फेरीत कितीतरी दुचाक्यांचे काम करते, हे आकड्यांत दिसू लागते. शिवाय त्या दुचाक्या बाजारात पोहोचल्यावर दिवसभर उभ्या राहायला जागा मागतात. बस प्रवासी उतरवून पुढे जाते.

बस: मिळणे सोपे, चालवणे अवघड

शाश्वत वाहतुकीच्या चर्चेत सर्वांत जास्त जागा बसला द्यावी लागते, कारण अडथळ्यांची गुंतागुंत येथेच सर्वांत अधिक आहे.

केंद्र सरकारच्या नागरी वाहतुकीच्या सेवा मानकांत हजार लोकसंख्येमागे बसची संख्या हा एक निकष आहे. ०.६ किंवा त्याहून अधिक बस असतील तर सेवा पहिल्या दर्जाची, ०.४ ते ०.६ दुसऱ्या, ०.२ ते ०.४ तिसऱ्या, आणि ०.२ पेक्षा कमी असतील तर शेवटच्या दर्जाची मानली जाते. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. म्हणजे शेवटच्या दर्जातून बाहेर पडण्यासाठीच सुमारे ११० बस रोज रस्त्यावर हव्यात, दुसऱ्या दर्जासाठी २२० आणि पहिल्यासाठी ३३०. लोकसंख्या तेव्हापासून वाढली आहे, हे वेगळे सांगायला नको. केएमटीकडे माहिती मागताना ‘ताफ्यात किती’ असे विचारून थांबू नये; गेल्या तीन महिन्यांत सरासरी किती गाड्या मार्गावर निघाल्या, किती फेऱ्या रद्द झाल्या आणि त्यांची कारणे काय, असे विचारावे. आगारात उभी असलेली गाडी ताफ्यात मोजली जाते. थांब्यावर वाट पाहणाऱ्याच्या ती उपयोगाची नसते.

बस घेण्यासाठी पैसा अधूनमधून येतो. ती रोज चालवण्यासाठी येत नाही, हा या शहराचाच नव्हे, तर देशातील बहुतेक मध्यम शहरांचा अनुभव आहे. इंधन, सुटे भाग, चालक-वाहकांचे पगार, निवृत्तांची देणी हा खर्च दर महिन्याचा असतो, तर तिकिटाचा दर लोकांना परवडेल असा ठेवावा लागतो. मधली तूट महापालिकेने भरून काढायची असते. महापालिकेचे उत्पन्न मर्यादित असल्याने दर वर्षी तीच तूट ‘तोटा’ म्हणून सभागृहात मांडली जाते. रस्त्यावर होणाऱ्या खर्चाला मात्र कोणी तोटा म्हणत नाही. बससेवेविषयी निवेदन देताना ही तुलना जरूर मांडावी, आणि तूट किती असे विचारण्याऐवजी किलोमीटरमागे खर्च किती, उत्पन्न किती, आणि अंदाजपत्रकात त्या फरकाची तरतूद आधीच केली आहे का, असे विचारावे.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत केंद्राने हा मुद्दा काही प्रमाणात ओळखला आहे. या योजनेत देशभरात १०,००० विद्युत बस खासगी कंपन्यांच्या सहभागाने चालवायच्या असून, १२ मीटरच्या बससाठी किलोमीटरमागे २४ रुपये, ९ मीटरसाठी २२ आणि ७ मीटरसाठी २० रुपये असे साहाय्य १० वर्षांसाठी आहे. कोल्हापूर या योजनेतील शहरांपैकी एक आहे. येथे नागरिकांनी करारातील एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे: बस चालवणाऱ्या कंपनीला पैसे तिकिटांवर नव्हे, तर धावलेल्या किलोमीटरवर मिळतात. बस रिकामी धावली तरी महापालिकेला देयक द्यावेच लागते. त्यामुळे गाड्या येण्यापूर्वीच मार्ग कोणते, थांबे कुठे, दोन गाड्यांमधील अंतर किती मिनिटांचे, आणि एकाच मार्गावर जुनी केएमटी व नवी ई-बस एकमेकींच्या मागे धावणार नाहीत याची व्यवस्था काय, हे ठरायला हवे. निविदा निघाल्यानंतर ही चर्चा निरुपयोगी ठरते. दहा वर्षांनंतरच्या खर्चाची तरतूद कोण करणार, हा प्रश्न आज अवेळी वाटेल, पण तो इतिवृत्तात नोंदवून ठेवावा.

हद्दीचा प्रश्नही बसशी जोडलेला आहे. १९७२ मध्ये महापालिका स्थापन झाली आणि त्यानंतर शहराची हद्द वर्षानुवर्षे सुमारे ६७ चौरस किलोमीटरवरच राहिली. हद्दवाढीच्या वादातून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. उचगाव, कळंबा, पाचगावहून रोज शहरात येणाऱ्या माणसाला ही रेषा दिसत नाही, पण बसच्या तुटीचा हिशेब करताना ती फार ठळक होते: फेरी गावापर्यंत जाते, कर मात्र शहर भरते. हद्दवाढ व्हावी की न व्हावी, या वादात न शिरताही महापालिका, प्राधिकरण आणि ग्रामपंचायत यांनी एखाद्या मार्गाच्या तुटीत वाटा उचलावा, अशी मागणी करता येते. दहा लाखांवरील शहरांसाठी एकीकृत वाहतूक प्राधिकरणाची शिफारस राष्ट्रीय धोरणात आहे. कोल्हापूर त्या रेषेखाली असल्याने येथे सर्वांना एका टेबलावर बसवणारी यंत्रणा आपोआप निर्माण होत नाही. ते टेबल नागरिकांनाच मांडावे लागते.

वडाप, म्हणजे प्रवासी भरून चालणाऱ्या खासगी गाड्या, आणि सीटवर चालणाऱ्या रिक्षा यांना शत्रू मानून चालणार नाही. बस येत नाही तेथे याच गाड्या माणसांना पोहोचवतात. मात्र थांब्याच्या तोंडावर रिक्षा उभ्या असल्या की बस रस्त्याच्या मध्ये थांबते, प्रवासी दुचाक्यांच्या गर्दीतून धावत जातात आणि मागची सगळी वाहतूक अडते. थांब्याच्या पुढे, निदान पंधरा-वीस मीटर सोडून, रिक्षाथांबा आखून घ्यावा. यासाठी रिक्षा संघटना, वाहतूक शाखा आणि केएमटी या तिघांची संयुक्त स्थळपाहणी मागावी. रंगाच्या डब्याएवढ्या खर्चात होणारे हे काम आहे.

दुकानदार आणि फेरीवाले

पदपथ रुंद करायचा म्हटले की पहिला आक्षेप दुकानदारांचा येतो: गाडी दारात लागली नाही, तर गिऱ्हाईक येणार नाही. या आक्षेपाला तत्त्वज्ञानाने उत्तर देऊ नये. दुकानदारांच्याच संमतीने एक दिवस दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘कसे आलात’ एवढेच विचारावे आणि दाराशी उभी असलेली मोटार किती वेळ हलली नाही, याची नोंद ठेवावी. रस्त्याकडेला उभ्या मोटारीला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. तेवढ्यात सहा दुचाक्या आरामात उभ्या राहतात. सकाळी दहा वाजता दुकानदाराचीच स्वतःची गाडी दारात लागून रात्रीपर्यंत हलत नाही, असे दिसले तर ते चारचौघांत बोलू नये. त्यांना एकट्याला दाखवावे. समजूतदार माणूस दुसऱ्या दिवशी गाडी मागच्या गल्लीत लावतो.

पूर्ण बदल मागण्याआधी एक दिवसाचा प्रयोग मागावा. नवरात्रात आणि गणेश विसर्जनाच्या वेळी शहरातील मध्यवर्ती रस्ते वाहनांसाठी बंद होतातच आणि शहर ते निभावून नेते, त्यामुळे ही कल्पना येथे परकी नाही. प्रयोगाच्या दिवशीची विक्री आधीच्या आठवड्यातील त्याच वाराशी ताडून पाहावी, नाहीतर सोमवार आणि रविवारची तुलना होऊन निष्कारण भांडण होते.

फेरीवाल्यांना हटवा, ही मागणी सोपी वाटते आणि ती बहुधा फसते. चार दिवसांनी गाडे परत येतात. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यानुसार सर्वेक्षण, विक्री क्षेत्रांची आखणी आणि पथविक्रेता समिती बंधनकारक असून त्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात. आपल्या रस्त्याच्या आराखड्यात गाड्यांसाठी आखलेली जागा असेल, तर १.८ मीटरची चालण्याची वाट मोकळी ठेवण्याची जबाबदारी विक्रेतेच घेतात, असा आमचा तरी अनुभव आहे. शिवाय रात्री नऊनंतर बायकांना जो रस्ता निर्धास्त वाटतो, तो बहुतेक वेळा भेळेची गाडी उभी असलेलाच असतो.

पैसा आणि विश्वास

कोल्हापुरात रस्त्याच्या मोठ्या प्रकल्पाविषयी बोलताना टोलचा विषय टाळता येत नाही. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर शहरातील रस्ते झाले, शहराच्या सीमेवर टोलनाके उभे राहिले, सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समितीच्या नेतृत्वाखाली दीर्घ आंदोलन झाले आणि २०१५ च्या अखेरीस राज्य सरकारला टोल रद्द करण्याचा निर्णय घ्यावा लागला. त्या लढ्याचा योग्य अभिमान शहराला आहे. मात्र त्याचा एक परिणाम असाही झाला की पार्किंगचे शुल्क, गर्दीच्या भागातील प्रवेशशुल्क किंवा बससाठीचा उपकर, असे काहीही सुचवले की ‘पुन्हा टोल का’ हा प्रश्न पहिल्या मिनिटाला येतो. तो चुकीचा नाही. आपला गट शुल्काची सूचना करणार असेल, तर जमा होणारा पैसा कोणत्या स्वतंत्र लेखाशीर्षात जाईल, तो त्याच रस्त्यावर किंवा बसवर खर्च होईल याची हमी काय, आणि हिशेब कुठे पाहता येईल, ही उत्तरे तयार असल्याशिवाय तो विषय काढू नये.

निधीचे दरवाजे अनेक आहेत: महापालिकेचे स्वतःचे अंदाजपत्रक, वित्त आयोगाचे अनुदान, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी. कोल्हापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांच्या यादीत आहे, आणि धूळ कमी करण्यासाठी रस्त्याच्या कडा पक्क्या करणे हे त्या कार्यक्रमाच्या चौकटीत बसणारे काम आहे. पदपथाचा प्रस्ताव तेथून मांडून पाहावा. वेळेचे भान मात्र ठेवावे. महापालिकेचे अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये चर्चेला येते, त्यामुळे मागणीचे पत्र, मापे आणि ढोबळ खर्च नोव्हेंबरपर्यंत विभागीय कार्यालयात पोचले पाहिजेत. मार्चमध्ये दिलेले निवेदन पुढच्या वर्षाच्या फायलीत जाते. २०२० च्या नोव्हेंबरात सभागृहाची मुदत संपल्यानंतर दीर्घ काळ प्रशासकाचा कारभार होता; त्या काळात नगरसेवकाच्या दारी जाण्याची सवय असलेल्या गटांची मोठी अडचण झाली. महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन तेव्हा उपयोगी पडला आणि आजही पडतो. प्रत्येक कागदावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

शहराचा विकास आराखडा तयार होत असेल, तेव्हा अधिक जागरूक राहावे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. तेवढ्यात नकाशा समजून घेणे कठीण असते. म्हणून आपल्या रस्त्याची मापे आधीपासून तयार असावीत आणि सूचना एकाच ओळीत मांडावी: अमुक रस्त्याच्या छेदात (रुंदीच्या आडव्या आकृतीत) दोन्ही बाजूंना एवढ्या मीटरचा पदपथ दाखवावा.

सायकलविषयी थोडक्यात. रस्त्याच्या कडेला रंगाचा पट्टा मारून सायकल मार्ग होत नाही. दुपारपर्यंत त्यावर दुचाक्या उभ्या राहतात. वाहने उभी करण्याचा प्रश्न सुटण्याआधी सायकल मार्ग मागू नये. त्याऐवजी शाळेच्या परिसरातील रस्त्यांवर वेग कमी करण्याची आणि शाळेत व बसथांब्यावर सायकली लावण्याच्या पक्क्या जागेची मागणी करावी.

पाणी आणि चर

कोल्हापुरातील कोणतीही रचना पावसाळा पाहिल्याशिवाय टिकाऊ म्हणता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदीने ती फार मागे टाकली, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला आणि शहराचा रस्त्याने असलेला संपर्क तुटला. विद्युत बसचे आगार, चार्जिंगची उपकरणे, सिग्नलच्या पेट्या यांच्या आराखड्यात त्या दोन पुरांच्या पाण्याची रेषा दाखवली आहे का, हे विचारणे म्हणूनच आवश्यक आहे. नदीकाठच्या आणि जयंती नाल्यालगतच्या भागांत पदपथाखालून जाणाऱ्या गटाराचा उतार आधी तपासावा. तो चुकला तर पाणी पदपथावर साचते आणि माणसे पुन्हा रस्त्यावर येतात.

पावसाइतकेच नुकसान खोदाईने होते. नवा रस्ता झाल्यावर महिन्याभरात पाण्याच्या जोडणीसाठी किंवा केबलसाठी चर मारला जातो आणि तो मुरूम टाकून बुजवला जातो. काम सुरू होण्यापूर्वी पाणीपुरवठा, ड्रेनेज, महावितरण आणि दूरसंचार कंपन्यांना ‘या रस्त्यावर काम असल्यास आताच करून घ्यावे’ असे लेखी कळवले का, आणि पुढच्या वाहिन्यांसाठी रस्त्याखालून आडवे डक्ट (वाहिन्या ओढून घेण्यासाठीच्या नळ्या) टाकले का, याची खात्री करावी. अंदाजपत्रकात डक्टची बाब नसेल, तर कार्यादेश निघण्याआधी ती घालून घेता येते. नंतर ठेकेदार ते करणार नाही आणि त्याला दोषही देता येणार नाही.

काम झाल्यावर

काम पूर्ण झाल्याचा दाखला निघण्यापूर्वी गटाने पुन्हा टेप घेऊन जावे आणि जेथे पहिली मापे घेतली होती, तेथेच दुसरी घ्यावीत. फरक लेखी कळवावा. दोष दायित्व कालावधी संपण्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी, कारण त्या तारखेपर्यंत उखडलेले पेव्हर ब्लॉक, खचलेले चेंबर आणि तुटलेली कड दुरुस्त करण्याची जबाबदारी ठेकेदाराची असते. त्यानंतर तोच खर्च महापालिकेकडे, म्हणजे पुन्हा पुढच्या मार्चच्या रांगेत जातो. जूनमधल्या पहिल्या जोरदार पावसानंतर अर्ध्या तासात रस्त्यावर जाऊन पाणी कुठे साचले, याची छायाचित्रे काढावीत, त्यांवर तारीख-वेळ उमटेल असे पाहावे आणि सोमवारी कार्यालय उघडताच ती विभागीय कार्यालयात देऊन पोच घ्यावी.